पीडीटीनंतर "ऊन टाळा" हा नियम आला कुठून, आणि गोव्यात तो अपुरा का पडतो

कॅन्सरवर पीडीटी (फोटोडायनॅमिक थेरपी, म्हणजे उजेडाने जागं होणारं औषध देऊन मग गाठीवर उजेड पाडायचा उपचार) झाली की पेशंटला घरी सोडताना महिनाभर उन्हात जाऊ नका असं सांगतात, आणि ऐकणारा मान डोलावतो, कारण ऊन टाळायचं म्हणजे काय ते सगळ्यांनाच माहीत असतं. दुपारी बाहेर पडायचं नाही, छत्री घ्यायची, सनस्क्रीन लावायचं, झालं. पण या उपचारात कातडी भाजते ती उन्हाच्या उष्णतेने नाही आणि नुसत्या अल्ट्राव्हायोलेटनेही नाही, ती साध्या डोळ्यांना दिसणाऱ्या उजेडाने भाजते. त्यात आपल्याकडे रेडिएशनलाही "लाइट दिला" म्हणतात, त्यामुळे शेजारच्या कुणी रेडिएशनच्या वेळी काय काळजी घेतली ते ऐकून लोक तसंच करतात, आणि या दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध नाही.

मागचं थोडक्यात सांगतो. 1900 च्या सुमारास म्युनिकमध्ये एका विद्यार्थ्याच्या लक्षात आलं की ठराविक रंगद्रव्य घातलेल्या पाण्यातले सूक्ष्म जीव उजेडात मरतात आणि अंधारात तगतात. 1903 पर्यंत तिथेच इओसिन नावाचं रंगद्रव्य लावून, उजेड पाडून कातडीच्या कॅन्सरवर प्रयोग झाले. आणि 1912 मध्ये एका जर्मन डॉक्टरने हिमॅटोपॉर्फिरिन नावाचं असंच एक उजेड शोषणारं द्रव्य स्वतःच्याच शिरेत टोचून घेतलं, 200 मिलिग्रॅम, आणि मग उजेडात गेल्यावर त्याचा चेहरा आणि हात सुजून ओळखू येईनासे झाले, ती संवेदनशीलता दोन महिन्यांहून जास्त टिकली. म्हणजे बघा, या जातीचं औषध कॅन्सरवर नीट वापरात यायच्या कितीतरी दशकं आधी त्याने माणूस भाजतो आणि आठवडेच्या आठवडे भाजत राहतो हे लिहून ठेवलेलं होतं.

पुढे 1960 च्या दशकात अमेरिकेत याच द्रव्याचं सुधारित रूप तयार झालं, 1978 मध्ये 25 पेशंटवरचे निकाल छापून आले आणि उपचार म्हणून जग याच्याकडे बघायला लागलं. 1993 मध्ये कॅनडात मूत्राशयाच्या कॅन्सरसाठी आणि 1995 मध्ये अमेरिकेत अन्ननलिकेच्या कॅन्सरसाठी त्यातूनच आलेल्या पोर्फिमर सोडियम या औषधाला मंजुरी मिळाली. शिरेतून किलोमागे 2 मिलिग्रॅम, मग 40 ते 50 तासांनी 630 नॅनोमीटरचा लाल लेझर. गाठीवर लेझर पडतो काही मिनिटंच, पण औषध कातडीत राहतं महिनाभर किंवा जास्तच, आणि भाजण्याचा सगळा प्रश्न या उरलेल्या औषधाचा आहे.

आता सनस्क्रीनचं. बावची लावून उन्हात बसणं हे पांढऱ्या डागांवर आपल्याकडे फार जुनं, त्याच जातीचं सोरालेन 1970 च्या दशकात गोळी आणि यूव्हीए (अल्ट्राव्हायोलेटचा एक प्रकार) मशीन अशा जोडीने आधी सोरायसिसवर आणि मग कातडीच्या एका प्रकारच्या लिम्फोमावरही (पांढऱ्या पेशींच्या कॅन्सरवर) आलं. तिथे भाजवणारा किरण यूव्हीए, म्हणून सनस्क्रीनला तिथे अर्थ आहे. पोर्फिमरचं तसं नाही. उपचाराला लाल उजेड वापरतात तो खोल जातो म्हणून, पण हे द्रव्य सगळ्यात जास्त शोषतं 400 नॅनोमीटरच्या आसपासचा जांभळा-निळा उजेड, जो उन्हात भरपूर असतो आणि खिडकीच्या काचेतून, गाडीच्या काचेतून सरळ आत येतो. नेहमीचं सनस्क्रीन तो अडवत नाही. एसपीएफ 50 असो की 100, या बाबतीत काही फरक नाही. औषधाच्या माहितीपत्रकात हे स्पष्ट लिहिलेलं असतं, तरी लोक बाटली विकत आणतात आणि तेवढ्या भरवशावर बाहेर पडतात, याचं मला खरंच वाईट वाटतं.

मग अंधारात बसायचं का? इथेच खरा वाद आहे. पोर्फिमरच्या सूचना सांगतात की पेशंटने अंधाऱ्या खोलीत बसून राहू नये, उलट घरातला साधा उजेड कातडीवर पडू द्यावा, कारण मंद उजेडात उरलेलं औषध हळूहळू निकामी होतं, याला फोटोब्लीचिंग म्हणतात. अंधारात महिना काढलेला माणूस बाहेर पडेल तेव्हा औषध कातडीत जास्त शिल्लक असतं आणि तो जास्त भाजण्याची भीती असते. दुसरीकडे 2001 मध्ये युरोपात डोकं-मानेच्या कॅन्सरसाठी टेमोपॉर्फिन हे पीडीटीचं दुसरं औषध आलं, त्याच्या सूचना उलट्या दिशेने सुरू होतात, पहिला दिवस अंधाऱ्या खोलीत, पडदे ओढून, बल्ब 60 वॅटचा आणि तोही निदान 2 मीटर लांब, मग आठवडाभरात हळूहळू घरातल्या नेहमीच्या उजेडावर, दुसऱ्या आठवड्यात सावलीत किंवा ढगाळ दिवशी अंग झाकून बाहेर, आणि साधारण 15 व्या दिवसापासून थोडं थोडं ऊन. दोन्ही आपापल्या औषधापुरत्या बरोबर आहेत, टेमोपॉर्फिन जास्त तीव्र आहे, पहिल्या दिवशी तेवढी काळजी लागतेच. पण होतं काय की एका औषधाची सूचना दुसऱ्याच्या पेशंटला सांगितली जाते, किंवा घरची माणसं जास्तीची काळजी म्हणून पोर्फिमरच्या पेशंटलाही महिनाभर कोंडून ठेवतात. माझं मत विचाराल तर कोंडणं हे काळजीच्या नावाखाली केलेलं नुकसान आहे, माणूस खचतो तो वेगळाच आणि कातडीतलं औषधही हटत नाही. कुठलं औषध दिलं त्याचं नाव कागदावर मागून घ्या, बाकी सगळं त्यावर ठरतं.

पण "घरातला साधा उजेड" म्हणजे किती? हे मोजमाप थंड देशांतल्या पडदे लावलेल्या खोल्यांवरून आलेलं असावं. खोलीत साधारण 100 ते 500 लक्स (उजेड मोजायचं एकक) असतात, उघड्यावर भर उन्हात लाखाच्या घरात, आणि नुसत्या ढगाळ दिवशीही बाहेर हजारोंनी, म्हणून पावसाळा आहे चालतंय हे डोक्यातून काढून टाकायला हवं. आता आपलं घर घ्या. बाल्कांवात (घरासमोरच्या ओसरीत) बसणं म्हणजे आपल्याला घरात बसणंच वाटतं, पण तिथे तिन्ही बाजूंनी आभाळाचा उजेड येतो. जुन्या कौलारू घरात मधेच एखादं काचेचं कौल असतं, त्यातून पडणारा कवडसा सकाळी भिंतीवर असतो तो दुपारी बरोबर खाटेवर येतो, आणि झोपलेल्या माणसाच्या हातावर तो अर्धा तास पडला तर ते ऊनच झालं. शिंपल्यांच्या जुन्या खिडक्या ज्यांच्याकडे अजून आहेत त्यांचं बरं, उजेड गाळून येतो. पेडण्याकडच्या मिठागरांवर, किनाऱ्याच्या वाळूवर, चुना लावलेल्या पांढऱ्या भिंतींवरून उजेड उसळून खालून तोंडावर येतो, तिथे छत्रीचा उपयोग अर्धाच. पातळ ओढणीचाही नाही. कापड उजेडासमोर धरून बघायचं, पलीकडचं दिसलं की ते बाद. घट्ट विणीचे पूर्ण बाह्यांचे कपडे, हातमोजे, मोजे, रुंद काठाची टोपी आणि अगदी गडद चष्मा, 4 टक्क्यांहून कमी उजेड जाऊ देणारा, एवढं लागतं. आणि गोव्याबाहेर उपचार घेऊन येणाऱ्यांनी परतीचा प्रवास रात्रीचा ठेवावा, दिवसा गाडीच्या खिडकीशी बसून तासन् तास येणं अजिबात नको.

भाजणं फक्त बाहेरच होतं असंही नाही. 1990 च्या दशकाच्या शेवटी बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरनेही पीडीटीच्या पेशंटची कातडी भाजल्याची नोंद आहे, कारण त्याचा लाल दिवा एकाच जागी तासन् तास टेकलेला असतो. त्यानंतर टेमोपॉर्फिनच्या सूचनांत ऑक्सिमीटरची जागा दर 10-15 मिनिटांनी बदला असं आलं. ऑपरेशनचे दिवे, डेंटिस्टचा दिवा, जवळ ओढलेला टेबललॅम्प हे सगळं त्याच यादीत. टेमोपॉर्फिनचं इंजेक्शन ज्या हातात दिलं तो हात तर 6 महिने जास्त वेळ उन्हात धरायचा नाही असं सांगतात, आणि स्कूटर चालवणाऱ्याचे हात रोज कुठे असतात ते आपल्याला माहीत आहे.

नंतरच्या औषधांची बरीचशी दिशा या एका त्रासानेच ठरवली. 1999 मध्ये अमेरिकेत मंजूर झालेलं कातडीवर लावायचं एएलए (अमिनोलेव्हुलिनिक ॲसिड), त्यात काळजी 40 तासांची, तीही लावलेल्या भागापुरती. मेंदूच्या गाठी ऑपरेशनमध्ये दिसाव्यात म्हणून तेच पोटातून देतात तेव्हा 48 तास. डोळ्यांच्या आजारावरचं व्हर्टेपॉर्फिन 5 दिवस. पण जपानने 2020 मध्ये डोकं-मानेच्या कॅन्सरसाठी अँटीबॉडीला जोडलेलं औषध मंजूर केलं त्यातही थेट ऊन जवळपास 4 आठवडे टाळायला सांगतात, म्हणजे प्रश्न अजून सुटलेला नाही.

आणि पोर्फिमरचे 30 दिवस संपले म्हणून 31 व्या दिवशी बाजारात जायचं असं नसतं, काहींच्या कातडीत ते 90 दिवसही राहतं, लिव्हर-किडनी अधू असेल तर जास्तच. त्यासाठी घरी करायची टेस्ट आहे, डॉक्टरांना विचारून करा. कागदी पिशवीला दोनेक इंचांचं भोक पाडायचं, हात त्यात घालून तेवढीच जागा 10 मिनिटं उन्हात धरायची आणि 24 तास वाट बघायची. लाली, सूज, फोड काही आलं तर आणखी दोन आठवडे तशीच काळजी आणि मग परत टेस्ट. काही नाही आलं तर पहिल्या दिवशी पाव तास, मग रोज थोडं थोडं वाढवत. ही टेस्ट चेहऱ्यावर करायची नाही, डोळ्यांभोवतीची कातडी बाकीपेक्षा नाजूक असते, आणि कुणाचे डोळे उन्हात किंवा समोरून येणाऱ्या गाडीच्या हेडलाइटला अजूनही दुखत असतील तर टेस्टचा निकाल काहीही येवो, चष्मा काढायचा नाही.