सीएसएल बघायला बोलवताय? आधी चासी नंबर पाठवा

नमस्कार मंडळी. इंग्लंडातल्या आपल्या मराठी लोकांना बीएमडब्ल्यूचं वेड आहे आणि आमचं वर्कशॉप त्याच वेडावर चालतं, त्यामुळे तक्रार करायला आम्हाला तोंड नाही. पण बीएमडब्ल्यूच्या ई४६ पिढीतल्या एम३ या वेगवान गाडीच्या, आणि तिच्या मोजक्याच बनलेल्या हलक्या सीएसएल आवृत्तीच्या बाबतीत एकच फोन इतक्या वेळा येतो की शेवटी म्हटलं कागदावर उतरवून टाकू. फोन असा असतो, "दादा, एक सीएसएल मिळतेय, भाव पण बरा आहे, शनिवारी जाऊन बघून याल का?" आम्ही विचारतो चासी नंबर काय, तर उत्तर येतं नंबर नाहीये हो, पण फोटोत डिकी बघा ना, मागे शेपूट आहे (म्हणजे डिकीच्या झाकणाची वर वळलेली कड, डकटेल).

त्या शेपटीनेच सगळा घोळ केलाय.

मागच्या हिवाळ्यात असंच एका ओळखीतल्या माणसासाठी अडीच तास गाडी चालवून गेलो, पावसात. गाडी बाहेरून झकास होती, डकटेल, पुढच्या बंपरला गोल भोक, एकोणीस इंची चाकं, सगळं जागच्या जागी. दार उघडलं तर मधे सहा गिअरचा दांडा आणि डोक्यावर सनरूफ. सीएसएल मॅन्युअल गिअरमध्ये कंपनीने कधी विकलीच नाही आणि सनरूफ असलेली तर नाहीच नाही. दोन मिनिटांत काम संपलं, परत अडीच तास. आमचा शनिवार गेला, त्यांचे पैसे गेले, आणि वर विकणाऱ्याला आगाऊ रक्कम देऊन ठेवलेली होती ती सोडवायला महिना लागला तो वेगळाच. चासी नंबर आधी आला असता तर हे सगळं आम्ही चहा पिता पिता सांगितलं असतं.

आता मुळात फरक काय ते बघू. ई४६ एम३ म्हणजे २००० पासून २००६ पर्यंत बनलेली गाडी, ३२४६ सीसीचं सरळ सहा सिलिंडरचं इंजिन, ३४३ हॉर्सपॉवर, आणि आठ हजार आरपीएमपर्यंत ओरडत जाणारी. ही झाली साधी एम३, आणि 'साधी' हा शब्द वापरताना आम्हालाच कसंतरी होतं. २००३ साली कंपनीने हिचीच सीएसएल काढली, कूपे स्पोर्ट लाइटबाउ, म्हणजे जर्मनमध्ये हलक्या बांधणीची. सगळ्या जगात मिळून जेमतेम चौदाशेच्या आसपास बनल्या, अमेरिकेत विकल्याच नाहीत, आणि उजव्या हाताच्या स्टिअरिंगच्या इथे ब्रिटनमध्ये आल्या त्या ४२२. तेव्हाची किंमत अठ्ठावन्न हजार पौंडांच्या वर. हे ४२२ डोक्यात ठेवा, म्हणजे जाहिरातींमध्ये दर आठवड्याला नवीन "सीएसएल" दिसते तेव्हा काय समजायचं ते समजेल.

वजनाचा हिशोब असा. साधी १४९५ किलो, सीएसएल १३८५ किलो. म्हणजे ११० किलो कमी, सिमेंटची दोन पोती आणि वर दहा किलो. लोकांना वाटतं हे सगळं कार्बनच्या छतामुळे. अहो, छतातून वाचले जेमतेम सहा किलो! छताचा खरा फायदा वेगळा आहे, ते सहा किलो गाडीच्या सगळ्यात वरच्या टोकावरून गेलेत, त्यामुळे वळणावर गाडी कमी झुकते. बाकीचं वजन कुठून गेलं म्हणाल तर सगळीकडून थोडं थोडं, आपल्याकडे महिनाअखेरीला घरखर्च काटतात तसं. पुढच्या सीट फायबरच्या टरफलाच्या, पाठ मागे न जाणाऱ्या. मागची सीट वेगळी आणि हलकी. मागची काच पातळ. डिकीचं झाकण एकसंध, त्या शेपटीसकट, फायबरचं. डिकीच्या तळाची फळी चक्क पुठ्ठ्याच्या मधमाशीच्या पोळ्यासारखी, हे ऐकून लोक हसतात पण खरं आहे. एक्झॉस्टचे पाइप पातळ पत्र्याचे. आवाज दाबायचं अस्तर कमी. एसी आणि रेडिओ मुळात नाहीतच, हवे असतील तर फुकटात परत बसवून मिळायचे आणि बऱ्याच लोकांनी ते घेतले पण.

म्हणून डिकी बघून गाडी ओळखता येत नाही. ज्या गाडीचं वेगळेपण शंभर ठिकाणी थोडं थोडं वाटलेलं आहे तिचे दोन ठळक भाग दुसऱ्या गाडीवर चढवणं एका वीकेंडचं काम आहे, आम्ही स्वतः ते करतो, त्यात लपवायचं काय. फक्त आम्ही तिला सीएसएल म्हणून बिल फाडत नाही आणि मागे तसा बॅज लावून देत नाही. यावरून दोन-तीन जण रागावले पण आहेत. चालेल.

इंजिनमध्ये फरक ३६० विरुद्ध ३४३, म्हणजे सतराच घोडे. कॅमशाफ्ट वेगळे, आणि हवा आत घ्यायला मोठा कार्बनचा एअरबॉक्स, ज्याला बंपरच्या त्या गोल भोकातून थंड हवा जाते. हवेचं वजन मोजणारा सेन्सर काढून टाकलाय. आवाज मात्र असा की एकदा ऐकला की माणूस कामातून गेला. इथेच आमच्याकडे येणारं दुसरं दुखणं सुरू होतं. लोक ऑनलाइन नकली एअरबॉक्स मागवतात, मित्राच्या गॅरेजमध्ये बसवतात, आणि मग गाडी उभ्या जागी खाली-वर गुरगुरते, हळू चालवली की झटके देते. साहजिक आहे, जो सेन्सर काढला त्याच्याशिवाय कसं चालायचं हे गाडीच्या कॉम्प्युटरला कुणी सांगितलंच नाही. सॉफ्टवेअर बदलावं लागतं, आणि कुठलं बदलायचं ते तुमच्या गाडीत कुठला कॉम्प्युटर आहे त्यावर ठरतं. बॉक्स मागवायच्या आधी आम्हाला विचारा, विचारायचे पैसे नाहीत.

गिअरचं पण एकदाच सांगून टाकतो. सीएसएलमध्ये एसएमजी आहे, तिला क्लचचं पेडल नाही म्हणून लोक ऑटोमॅटिक समजतात. "आई-बाबा भारतातून येणारेत, ट्रॅफिकमध्ये ऑटोमॅटिक बरी पडेल." बाबांनो ती ऑटोमॅटिक नाहीये. आत साधाच सहा गिअरचा बॉक्स आहे, क्लच फक्त तुमच्या पायाऐवजी हायड्रॉलिक पंप दाबतो. जोरात चालवली की बंदुकीसारखे गिअर पडतात, सावकाश चालवली की मागे बसलेल्यांच्या माना हलतात. आणि तो पंप एक दिवस जातो, हे धरूनच चाला.

खऱ्या सीएसएलचं स्टिअरिंग साध्या गाडीपेक्षा तिखट आहे, १५.४ च्या जागी १४.५ चं प्रमाण, पुढच्या ब्रेकच्या डिस्क ३२५ ऐवजी ३४५ मिलिमीटरच्या. जर्मनीतल्या नुर्बुर्गरिंग या रेस ट्रॅकवर एका जर्मन मासिकाने तिची वेळ लावली होती ७ मिनिटं ५० सेकंद, साध्या एम३ ची ८:२२. बत्तीस सेकंद! पण यात टायरचा मोठा हात होता. नवीन गाडीबरोबर जवळपास रेसचेच मिशलँ कप टायर यायचे आणि ओल्या रस्त्यावर सांभाळून चालवीन असं गिऱ्हाइकाकडून लिहून घ्यायचे. इथल्या भुरभुर पावसात ते टायर म्हणजे साबणावर उभं राहणं. आज कुणी "ओरिजिनल टायरसकट" म्हणून जास्त पैसे मागत असेल तर ते टायर भिंतीला टांगायला घ्या, चालवायला नको.

मधली एक गाडी आहे तिच्याबद्दल कुणी विचारत नाही म्हणून आम्हीच सांगतो. २००५ मध्ये इथे एम३ सीएस नावाने आली, बाकी ठिकाणी तिला कॉम्पिटिशन पॅकेज म्हणायचे. हिला सीएसएलचं स्टिअरिंग, मोठे ब्रेक, त्याच धर्तीची चाकं आणि अल्कांटाराचं (मखमली स्पर्शाच्या कापडाचं) स्टिअरिंग व्हील मिळालं, पण वजन साध्याएवढंच आणि इंजिनही साधंच. आणि ही मॅन्युअल गिअरमध्ये मिळते. आम्हाला विचाराल तर रोज चालवायची असेल, मागे पोराची सीट लावायची असेल, उन्हाळ्यातले आठ दिवस एसी हवा असेल, तर सीएस घ्या किंवा चांगली निगा राखलेली साधी घ्या. सीएसएल ही हौस आहे, आणि हौसेला मोल नसतं हे खरं असलं तरी मोल द्यायच्या आधी वस्तू तीच आहे ना ते तरी बघा.

घरबसल्या तुम्ही काय बघू शकता? रंग बघा, सीएसएल दोनच रंगात यायची, सिल्व्हर ग्रे आणि ब्लॅक सफायर. निळी, लाल, पिवळी दिसली तर ती एक तर सीएसएल नाही नाहीतर पुन्हा रंगवलेली आहे. पुढे फॉगलाइट असतील तर तो बंपर सीएसएलचा नव्हेच. समोर गेलात तर फ्रिजवरचं एक चुंबक न्या, मऊ फडक्यात गुंडाळून छताला लावा. चिकटलं तर लोखंडी छतावर कार्बनचं स्टिकर आहे, राम म्हणा आणि घरी या. नाही चिकटलं तर मात्र काहीच सिद्ध होत नाही, कार्बनचं छत बाहेरूनही बसवून मिळतं. आणि बोनेटला चिकटत नाही म्हणून उड्या मारू नका, साध्या एम३ चं बोनेटपण अल्युमिनियमचंच असतं. एकाने आम्हाला याचा व्हिडिओ पाठवला होता, किती आनंदात होता बिचारा.

हे सगळं करून शेवटी उत्तर चासी नंबरमध्येच असतं. सतरा अक्षरं-आकडे, पुढच्या काचेच्या खालच्या कोपऱ्यात आणि लॉगबुकवर, म्हणजे गाडीच्या नोंदणीच्या कागदावर. त्यावरून गाडी कारखान्यातून काय म्हणून बाहेर पडली ते कळतं, मग वरून कितीही शेपट्या लावा. नंबर तपासायचे आम्ही काही घेत नाही. जो विकणारा नंबर द्यायला कां कूं करतो त्याच्याकडे आम्ही जात नाही, तुम्हीपण जाऊ नका. काही जण म्हणतात तुम्ही फोटोवरून सांगत नाही, मुद्दाम अडवता. अडवत नाही हो, फोटोवरून सांगून चुकलो तर तुमचे दहा-वीस हजार पौंड जातात आणि नाव आमचं.

नंबर बरोबर निघाला की मग आमची खरी तपासणी, तिचे पैसे आहेत, कारण ती अर्ध्या दिवसाची आहे. गाडी लिफ्टवर घेऊन मागच्या सबफ्रेमच्या (मागची चाकं ज्या चौकटीला जोडलेली असतात तिच्या) जागी फ्लोअरला तडे गेलेत का ते बघतो, हे दुखणं सगळ्या ई४६ ना आहे, सीएसएलला सूट नाही. व्हॅनोसचा, म्हणजे कॅमशाफ्टची वेळ बदलणाऱ्या यंत्रणेचा आवाज ऐकतो. कनेक्टिंग रॉडचे बेअरिंग कधी बदलले त्याचं बिल मागतो, बिल नसेल तर बदललेले नाहीत असंच धरतो. ऑइल १०डब्ल्यू-६० च घातलंय का विचारतो. एमओटीचा, म्हणजे इथल्या दरवर्षीच्या सक्तीच्या तपासणीचा इतिहास तर तुम्हीसुद्धा सरकारी साइटवर गाडीचा नंबर टाकून फुकट बघू शकता, मायलेज दरवर्षी नीट चढलंय का तेवढं बघून ठेवा, आमचा वेळ वाचतो. आणि तडे निघालेच तर घाबरून पळू नका, ते काम आमच्याकडे नेहमीचं आहे, त्याचा अंदाज हातात ठेवून भाव पाडून घेता येतो.

पुण्या-मुंबईहून पण विचारणा होते की इथली सीएसएल तिकडे नेता येईल का. भारतात वापरलेली गाडी आयात करायची तर ती तीन वर्षांपेक्षा जुनी चालत नाही, आणि ही आहे २००३ ची. तेव्हा इथे आलात की आमच्याकडे येऊन बसा, कुणा ना कुणाची तरी लिफ्टवर असतेच, आवाज ऐकवू.

मेसेज करताना चासी नंबर, लॉगबुकचा फोटो, जाहिरातीची लिंक आणि गाडी कुठल्या गावात आहे एवढं पाठवा. डिकीचा फोटो पाठवला नाहीत तरी चालेल.