मेलिंग लिस्ट व फोरम (छंदगटांतील चर्चा)

समान छंद असलेल्या, पण एकमेकांपासून दूर राहणाऱ्या लोकांनी संगणकजालावरून लेखी चर्चा करण्याच्या दोन प्रमुख पद्धती. मेलिंग लिस्टमध्ये ठरावीक पत्त्यावर आलेला ईमेल सर्व्हर सगळ्या सभासदांना पाठवून देतो. फोरममध्ये मजकूर संकेतस्थळावर धाग्यांच्या (मूळ मजकूर व त्याखालील प्रतिसाद यांच्या) रूपात राहतो व वाचणाऱ्याला तेथे जावे लागते. पक्षिनिरीक्षण, हौशी खगोलनिरीक्षण, हॅम रेडिओ, तिकिटे व नाणी जमवणे, आगगाड्यांची मॉडेल बनवणे अशा बहुतेक छंदांच्या गटांनी कधी ना कधी या दोन्ही पद्धती वापरलेल्या आहेत. त्यांची तुलना बहुधा सोयीच्या अंगाने केली जाते. परंतु चर्चेची नोंद कोणाच्या ताब्यात राहते हा भेद अधिक महत्त्वाचा मानावा लागतो. लिस्टवरील प्रत्येक पत्राची प्रत प्रत्येक सभासदाकडे पोहोचते. फोरमची मूळ प्रत एकच असते आणि ती सर्व्हर चालवणाऱ्याकडे असते.

उगम : कोणती पद्धत आधीची, याविषयी एकमत नाही. रे टॉमलिन्सन यांनी अर्पानेट या अमेरिकी संरक्षण खात्याच्या संगणकजाळ्यावर 1971 मध्ये दोन संगणकांदरम्यान ईमेल पाठवला. त्यानंतर 1975 मध्ये सुरू झालेली ‘एमएसजीग्रुप’ ही पहिली मेलिंग लिस्ट असल्याचे सामान्यतः सांगितले जाते. तिचा विषय मात्र ईमेल हाच होता. ती छंदाची लिस्ट नव्हे. विज्ञानकथांच्या वाचकांची ‘एसएफ-लव्हर्स’ ही लिस्ट 1970 च्या दशकाच्या अखेरीस अर्पानेटवर सुरू झाली. संरक्षण खात्याच्या पैशावर चालणाऱ्या जाळ्यावर विज्ञानकथांची चर्चा व्हावी का, हा प्रश्न तेव्हा उपस्थित झाला होता. ईमेलव्यवस्था किती भार सोसते याची या लिस्टमुळे आपोआप चाचणी होते, या युक्तिवादावर ती टिकली असे सांगतात.

फोरमच्या बाजूने मांडला जाणारा पुरावा याहून जुना आहे. मरे टुरॉफ यांनी 1971 मध्ये अमेरिकी सरकारच्या आपत्कालीन विभागासाठी केलेली ‘एमिसारी’ ही प्रणाली काही अभ्यासक आरंभबिंदू धरतात. इलिनॉय विद्यापीठाच्या प्लेटो या शिक्षणासाठीच्या संगणक-प्रणालीवर डेव्हिड वुली यांनी 1973 मध्ये ‘नोट्स’ हा प्रोग्रॅम लिहिला. 1976 च्या ‘ग्रुप नोट्स’मुळे वापरकर्त्यांना हव्या त्या विषयाची नोंदवही उघडता येऊ लागली. मूळ टिपण व त्याखाली क्रमाने येणारे प्रतिसाद ही आजच्या धाग्याची रचना तेथे जवळजवळ पूर्णपणे दिसते. त्यामुळे छंदगटांच्या दृष्टीने एमिसारीपेक्षा प्लेटोला अग्रमान देणे अधिक सयुक्तिक ठरते.

हौशी मंडळींनी स्वतः उभारलेली पहिली महत्त्वाची व्यवस्था म्हणजे वॉर्ड क्रिस्टेनसेन व रँडी सूस यांचे शिकागोतील ‘सीबीबीएस’ (1978). हे दोघेही संगणक-हौशींच्या क्लबचे सभासद होते आणि क्लबमधील कागद टाचून ठेवण्याच्या फळ्याचेच हे दूरध्वनीवरून चालणारे रूप होते. एका वेळी एकालाच जोडणी मिळे. बाकीच्यांना फोन मोकळा होण्याची वाट पाहावी लागे. ड्यूक विद्यापीठातील टॉम ट्रस्कॉट व जिम एलिस यांनी 1979 मध्ये कल्पिलेले यूजनेट या दोन्ही पद्धतींच्या मधले आहे : वाचणे फोरमसारखे, पण प्रती अनेक सर्व्हरांवर. छंदांसाठी त्यात ‘रेक’ ही स्वतंत्र शाखा 1986-87 च्या फेररचनेत करण्यात आली.

लिस्टचे प्रोग्रॅम : सुरुवातीच्या लिस्ट हाताने चालत. सभासद व्हायचे तर नावाला ‘-रिक्वेस्ट’ जोडलेल्या पत्त्यावर लिहायचे आणि पलीकडचा माणूस यादीत नाव चढवायचा. हे काम स्वयंचलित करण्याचे श्रेय एरिक टोमा यांच्या ‘लिस्टसर्व्ह’ला (1986) देतात. त्याच नावाचा एक प्रोग्रॅम बिटनेट या विद्यापीठांच्या संगणकजाळ्याच्या केंद्रावर त्याआधीच चालत होता, म्हणून काही ठिकाणी लिस्टसर्व्हचा काळ दोनएक वर्षे मागे नेलेला आढळतो. आधीच्या प्रोग्रॅममध्ये नावे चढवण्याचे काम माणसाकडेच होते. स्वयंचलित सभासदत्व ही कसोटी लावली तर टोमा यांचा प्रोग्रॅमच पहिला ठरतो. पुढे युनिक्सवरील एका वेगळ्याच प्रोग्रॅमनेही हे नाव घेतल्याने घोळ वाढला. तो नंतर ‘लिस्टप्रॉक’ या नावाने ओळखला जाऊ लागला. ब्रेंट चॅपमन यांचा ‘मेजरडोमो’ (1992) व जॉन व्हिएगा यांनी सुरू केलेला ‘मेलमन’ हे नंतरचे.

उत्तराच्या पत्त्याचा वाद : सभासदाने ‘उत्तर द्या’ दाबल्यावर पत्र एकट्या लेखकाला जावे की सगळ्यांना, हा लिस्टच्या इतिहासातील सर्वांत चिवट वाद आहे. ‘रिप्लाय-टू’ या हेडरमध्ये (पत्राच्या माथ्यावरील माहितीच्या ओळीत) लिस्टचा पत्ता घातला की उत्तर सगळ्यांना जाते. 1982 च्या आरएफसी 822 मध्ये (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या तांत्रिक संकेतांचे क्रमांकित दस्तऐवज) गटचर्चेसाठी असा वापर उपयुक्त ठरू शकेल असे नमूद आहे. या पद्धतीचे समर्थक त्यावर बोट ठेवतात. 2001 च्या आरएफसी 2822 ने मात्र हे हेडर म्हणजे उत्तर कोठे यावे याविषयी लेखकाची सूचना असल्याचे म्हटले, म्हणजे लिस्टने त्यात हात घालू नये, असा विरोधकांचा अर्थ. विरोधी पक्ष तांत्रिकदृष्ट्या अधिक भक्कम आहे, कारण त्या पद्धतीत होणारी चूक निस्तरता येते : सगळ्यांसाठी लिहिलेले एकालाच गेले तर पुन्हा पाठवता येते, एकासाठी लिहिलेले खाजगी पत्र शेकडो इनबॉक्समध्ये पोहोचल्यावर मागे घेता येत नाही. तरीही छंदगटांत उत्तर सगळ्यांना जाण्याचीच पद्धत सर्रास आढळते, कारण अन्यथा उत्तरे खाजगीत जाऊन चर्चा आटते. फोरममध्ये हा प्रश्न मुळातच उद्भवत नाही.

डीमार्कचा आघात : ‘फ्रॉम’मधील, म्हणजे पाठवणाऱ्याचा, पत्ता खरा आहे का, हे तपासण्यासाठी डीमार्क हे धोरण आले (आरएफसी म्हणून प्रसिद्धी मात्र नंतर : आरएफसी 7489, 2015). पाठवणाऱ्या सर्व्हरचा पत्ता (एसपीएफ) किंवा पत्रावरील डिजिटल सही (डीकेआयएम) यांपैकी निदान एक ‘फ्रॉम’च्या डोमेनशी जुळावे लागते. लिस्टचे पत्र लिस्टच्या सर्व्हरवरून निघते, म्हणून पहिली अट मोडते. लिस्ट विषयाच्या आधी चौकटी कंसात आपले नाव घालते व तळाला सभासदत्व सोडण्याची सूचना जोडते, तेव्हा मजकूर बदलून सहीही अवैध ठरते. याहूने एप्रिल 2014 मध्ये आपल्या डोमेनसाठी, तपासणीत न जुळणारी पत्रे ‘नाकारा’ हे धोरण जाहीर केले व लवकरच एओएल या ईमेलसेवेनेही तेच केले. परिणाम विचित्र झाला. याहूच्या पत्त्यावरून एका सभासदाने लिस्टला पत्र पाठवले की हे धोरण पाळणाऱ्या इतर सेवांचे सर्व्हर ते परत पाठवत. परत आलेली पत्रे लिस्टचा प्रोग्रॅम त्या त्या वाचकाच्या नावावर जमा करी, आणि अशी काही पत्रे साचली की ज्याने काहीच लिहिले नव्हते त्या वाचकाचे सभासदत्व स्थगित होई. यावर ‘फ्रॉम’मध्ये लिस्टचाच पत्ता घालण्याचा तोडगा रूढ झाला. तो चालतो, पण पत्र कोणाचे आहे हे पत्त्यावरून कळेनासे होते. मूळ तपासणीचा निकाल पत्रासोबत पुढे नेणारा नंतरचा ‘आर्क’ (आरएफसी 8617, 2019) हा अधिक नेटका, तरी प्रायोगिक दर्जाचाच उपाय. स्वतःच्या सर्व्हरवर लिस्ट चालवणाऱ्या लहान गटांना ही तांत्रिक जबाबदारी जड गेली आहे, आणि या बदलाची झळ त्यांना सर्वांत जास्त लागली याची दखल पुरेशी घेतली गेलेली नाही.

वेबवरील फोरम : वेबवर चर्चेची पहिली साधने 1994 च्या सुमाराची आहेत. पीएचपीबीबी व व्हीबुलेटिन हे फोरमचे प्रोग्रॅम 2000 मध्ये आले व त्यानंतर छंदगटांचे फोरम झपाट्याने वाढले. छायाचित्रे हे त्याचे मोठे कारण दिसते. न ओळखू आलेला पक्षी किंवा अर्धवट जोडलेले मॉडेल दाखवायचे तर चित्र मजकुरासोबतच हवे. लिस्टवर जोडपत्रांना बहुधा बंदी असे. पुढे लेखकाला प्रतिसाद सुधारता येऊ लागला, जुना धागा वर काढता आला, नवख्यांचे नेहमीचे प्रश्न एका चिकटवलेल्या धाग्यात ठेवता आले.

जतन : फोरमवरील चित्रे बहुधा दुसऱ्याच सेवेवर साठवलेली असत. फोटोबकेटने 2017 मध्ये बाहेरच्या संकेतस्थळांवर चित्रे दाखवण्यासाठी वर्षाला सुमारे 400 डॉलरची योजना सक्तीची केली, तेव्हा असंख्य धाग्यांत चित्रांच्या जागी सूचनाफलक उरले. मॉडेल बांधणीची टप्प्याटप्प्याने लिहिलेली वर्णने त्यामुळे निरुपयोगी झाली. मजकूर शाबूत, पण ‘वरील चित्रात दाखवल्याप्रमाणे’ म्हणजे कसे, हे कळायला मार्ग नाही.

लिस्टही सुरक्षित होत्या असे नाही. याहूने 2000 मध्ये ईग्रुप्स ही मेलिंग लिस्टची सेवा विकत घेऊन उभारलेल्या याहू ग्रुप्समध्ये छंदगटांचा फार मोठा ठेवा होता. डिसेंबर 2019 मध्ये तेथील संदेश व फाइली काढून टाकण्यात आल्या आणि डिसेंबर 2020 मध्ये सेवा बंद झाली. ज्या गटांतील एखाद्या सभासदाने आपली ईमेल जपून ठेवली होती त्यांना निदान पत्रव्यवहार पुन्हा जुळवता आला. गटाच्या फाइली व छायाचित्रांच्या प्रती मात्र इनबॉक्समध्ये नव्हत्या; वेळेत उतरवून न घेतलेल्या अशा फाइली गेल्या.

मिश्र रूपे : ग्रुप्स.आयओ (2014) मध्ये लिस्टचाच संग्रह वेबवर धाग्यांत वाचता येतो. याहू ग्रुप्स सोडलेल्या अनेक गटांनी हीच सेवा निवडली. डिस्कोर्स (2013) हा मुळात फोरम असून त्यात धाग्याला ईमेलनेच उत्तर देण्याची सोय आहे.