लॅपटॉपचं ग्राफिक्स कार्ड 'वरच्या मॉडेलएवढं' करून पाहिजे? आधी हा कागद वाचा, मग मशीन टेबलावर ठेवा

राम राम मंडळी. आठवड्यातनं चार-पाच जण तरी कोल्हापुरात राजारामपुरीत आमच्या काउंटरवर लॅपटॉप ठेवतात आणि म्हणतात, "दादा, माझं ४०५० आहे, ४०६० एवढं करून द्या की, व्हिडिओत बघितलंय." (हे एनव्हिडिया कंपनीच्या आरटीएक्स कार्डांचे मॉडेल नंबर, ४०६० हे ४०५० च्या वरचं.) प्रत्येकाला तेच तेच सांगून घसा बसला म्हणून हा कागद छापलाय, घरी न्या, निवांत वाचा, चहा घेत वाचा.

सरळ सांगतो. ओव्हरक्लॉकिंग म्हणजे कंपनीनं ठरवलेल्या स्पीडपेक्षा कार्ड थोडं जास्त पळवणं. होतं का? होतं. फुकट होतं का? सॉफ्टवेअर फुकट आहे. वरच्या मॉडेलएवढं होतं का? कधी कधी होतं, पण ते तुमच्या कार्डाच्या जोरावर कमी आणि वरच्या मॉडेलच्या अडचणीमुळं जास्त. हे शेवटचं वाक्य जरा उलगडून सांगतो कारण सगळी गंमत तिथंच आहे.

लॅपटॉपवर स्टिकर असतो आरटीएक्स ३०६० चा, पण त्या स्टिकरवर वॅट लिहिलेले नसतात. तेच ३०६० एका पातळ लॅपटॉपमध्ये ६० वॅटवर चालतं आणि दुसऱ्या जाडजूड लॅपटॉपमध्ये ११५ वॅटवर, आणि त्याप्रमाणं त्याचा बूस्ट क्लॉक, म्हणजे जोरात पळतानाचा स्पीड, १२८३ मेगाहर्ट्झपासनं १७०३ पर्यंत कुठंही असतो. वरचं ३०७० सुद्धा असंच, ८० पासनं १२५ वॅटपर्यंत. त्यामुळं ११५ वॅटचं चांगलं थंड राहणारं ३०६० जरा पळवलं तर ८० वॅटवर उपाशी बसलेल्या ३०७० ला ते गाठू शकतं, आणि मग ते पोरगं व्हिडिओ काढतं की बघा ३०६० नं ३०७० ला मारलं. खोटं नाही ते, पण १२५ वॅटच्या ३०७० समोर तेच कार्ड उभं करा म्हणावं. ३०६० मध्ये कुडा कोअर, म्हणजे कार्डातले काम करणारे छोटे छोटे भाग, ३८४० आणि ३०७० मध्ये ५१२०, म्हणजे जवळपास ३३ टक्के जास्त, आणि क्लॉक शंभर-दीडशे मेगाहर्ट्झ वाढवून ३३ टक्क्यांचं भगदाड बुजत नाही.

४०५० चं अजून वेगळं. त्यात २५६० कोअर आणि ६ जीबी मेमरी, ४०६० मध्ये ३०७२ कोअर आणि ८ जीबी. कोअरचा फरक २० टक्के, तो थोडाफार भरून काढता येईल, पण ६ जीबीची ८ जीबी कुठल्याही सॉफ्टवेअरनं होत नाही, आणि नव्या गेममध्ये टेक्स्चर (चित्रांचा बारकावा) अल्ट्रावर, म्हणजे सगळ्यात वरच्या पायरीवर, टाकलं की मेमरी भरते, मग कार्ड रॅममधनं माल आणायला लागतं आणि चालता चालता गेम अडखळतो. तिथं ओव्हरक्लॉक काय करणार, टेक्स्चर एक पायरी खाली घ्या, जास्त फरक पडंल. उलट ४०६० वाल्यांना आम्ही जरा हसून घेतो कारण त्यांचं गणित बरं आहे, ४०७० मध्ये कोअर ४६०८ म्हणजे तब्बल ५० टक्के जास्त असले तरी लॅपटॉपमध्ये मेमरी दोघांचीही ८ जीबी आणि मेमरीपर्यंतचा रस्ता दोघांचाही १२८ बिटचाच, त्यामुळं गेममध्ये ५० टक्के फरक कधीच दिसत नाही आणि नीट बसवलेलं ४०६० बऱ्यापैकी जवळ जातं.

आकडा विचाराल तर मिडरेंज लॅपटॉप कार्डात साधारण ५ ते १० टक्के धरा. म्हणजे गेममध्ये सेकंदाला ६० फ्रेम (चित्रं) मिळत असतील तर ६३ ते ६६. एवढ्यासाठी करायचं का नाही ते तुम्ही ठरवा, नाद ज्याचा त्याचा.

कार्ड नेमकं कशानं अडलंय ते आधी बघा

हे न बघता स्लायडर ओढायला लागतात आणि मग म्हणतात फरकच पडला नाही. जीपीयू-झेड नावाचं छोटं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात सेन्सरच्या पानावर एक रंगीत पट्टी असते, कार्ड कशामुळं थांबलंय ते ती सांगते, पॉवर संपली का, गरम झालंय का, का व्होल्टेजची हद्द आली. गेम वीस-पंचवीस मिनिटं खेळा, मेनूत उभं राहून नव्हे, खरोखर मारामारीच्या जागी, आणि मग ती पट्टी बघा. सोबत एचडब्ल्यूइन्फो चालू ठेवा म्हणजे वॅट, क्लॉक, टेम्परेचर आणि हॉट स्पॉट सगळं दिसतं. हॉट स्पॉट म्हणजे चिपवरची सगळ्यात तापलेली जागा, ती आणि साधं टेम्परेचर यात २०-२५ डिग्रीचं अंतर दिसलं की आम्ही ओव्हरक्लॉकचं नावच काढत नाही, आधी मशीन उघडतो, कारण हीटसिंक (चिपची उष्णता ओढणारा धातूचा भाग) नीट टेकलेला नसतो किंवा दोघांच्या मधली पेस्ट वाळून खडू झालेली असते. तुमचं कार्ड किती वॅटचं आहे ते एनव्हिडिया कंट्रोल पॅनलमध्ये सिस्टीम इन्फर्मेशनमध्ये लिहिलेलं असतं, तो आकडा बघून या, अर्धी चर्चा तिथंच संपते.

बरीच कार्डं ८७ डिग्रीच्या आसपास आपणहून स्पीड कमी करतात. आता आपल्याकडं गळीत हंगाम सुरू झाला की दार बंद ठेवलं तरी काजळी घरात येते, गुऱ्हाळाच्या वाटेवर राहणाऱ्यांना हे सांगायला नको, आणि ती सगळी लॅपटॉप ओढून घेतो. मागं शिरोलीकडचा एक लॅपटॉप आला होता, गेम चालू केला की पाच मिनिटांत ८७ ला टेकायचा आणि क्लॉक धाडकन खाली. फॅन काढला तर हीटसिंकच्या पात्यांवर आतल्या बाजूनं धूळ, केस आणि काजळीचा असा थर की चिमट्यानं धरून उचलला तर घोंगडीच्या तुकड्यासारखा अख्खा एका झटक्यात निघाला. बाहेरनं जाळीतनं बघितलं तर काही दिसत नव्हतं! तो काढला, पेस्ट बदलली, थर्मल पॅड बघितले, ओव्हरक्लॉक काहीच केलं नाही तरी मालक म्हणाला आता वरच्या मॉडेलसारखा चालतोय. चालणारच, आत्तापर्यंत नाक दाबून पळत होता बिचारा.

पेस्टबद्दल एक, लॅपटॉपची चिप उघडी असते, वर डेस्कटॉपच्या प्रोसेसरसारखं झाकण नसतं, त्यामुळं पातळ पेस्ट तापून-गार होऊन बाजूला सरकते. आम्ही शक्यतो हनीवेलची पीटीएम ७९५० शीट लावतो, ती ४५ डिग्रीच्या पुढं मऊ होऊन बसते आणि सरकत नाही. पेस्टपेक्षा महाग पडते, पण वर्षात दुसऱ्यांदा उघडायला लागत नाही.

आता प्रत्यक्ष ओव्हरक्लॉक

आफ्टरबर्नर हे सॉफ्टवेअर वापरायचं, एमएसआयचं नाव असलं तरी कुठल्याही कंपनीच्या लॅपटॉपवर चालतं. त्यात पॉवर आणि व्होल्टेजचे स्लायडर लॅपटॉपमध्ये बहुतेक वेळा फिकट दिसतात, हलत नाहीत, ते बिघडलेले नाहीत, कंपनीनंच कुलूप लावलंय. हलतात ते दोन, कोअर क्लॉक आणि मेमरी क्लॉक. कोअर १५-१५ किंवा ३०-३० नं वाढवा, कार्ड तसंही १५ मेगाहर्ट्झच्या पायऱ्यांनीच चढतं, आणि प्रत्येक पायरीला गेम खेळून बघा, नुसतं बेंचमार्क (कार्डाची परीक्षा घेऊन स्कोअर देणारं सॉफ्टवेअर) पास झालं म्हणून नाचू नका. साधारण १०० ते १५० च्या आसपास बऱ्याच कार्डांचा दम संपतो, गेम बंद पडतो किंवा स्क्रीन काळी होऊन परत येते, ते म्हणजे विंडोजनं कार्डाची दोन सेकंद वाट बघून ड्रायव्हर परत चालू केला. घाबरायचं नाही, दोन पायऱ्या खाली या.

मेमरी जरा लबाड आहे. कोअर जास्त झाला तर गेम पडतो, कळतं तरी. मेमरीत चूक पकडून तोच डाटा परत पाठवायची सोय असते, त्यामुळं जास्त ओढली तरी सगळं चालू दिसतं आणि फ्रेम मात्र कमी होतात, माणूस आपला खूश की मी एवढं वाढवलं. म्हणून मेमरी शंभर-शंभरनं वाढवताना प्रत्येक वेळी बेंचमार्कचा स्कोअर वहीत लिहा, स्कोअर वाढायचा थांबला की तिथंच थांबा, तो खाली यायला लागला म्हणजे तुम्ही हद्द ओलांडलीय. स्क्रीनवर चांदण्या किंवा रंगीत ठिपके दिसले तर लगेच मागं.

आता आमचं खरं मत. लॅपटॉपमध्ये वॅट ठरलेले आहेत, त्या कुलपामुळं वाढत नाहीत, मग आहेत त्याच वॅटमध्ये जास्त काम काढणं हाच शहाणपणा, आणि ते होतं अंडरव्होल्टनं, म्हणजे कार्डाला कमी व्होल्टेजवर चालवून. चिपला लागणारी पॉवर व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणं वाढते, त्यामुळं तोच क्लॉक ०.९५ व्होल्टऐवजी ०.८५ व्होल्टवर धरला तर हिशेबानं जवळपास २० टक्के पॉवर वाचते, आणि वाचलेली पॉवर कार्ड आपणहून स्पीड वाढवायला वापरतं. आफ्टरबर्नरमध्ये कंट्रोल आणि एफ दाबलं की व्होल्टेज आणि क्लॉकची वक्ररेषा उघडते, त्यात ०.८५ चा ठिपका वर उचलायचा आणि त्याच्या पुढचे सगळे ठिपके त्याच रेषेत आडवे करायचे. सांगायला एक ओळ, करायला अख्खी संध्याकाळ, कारण प्रत्येक चिप वेगळी, शेजारच्याचा आकडा तुम्हाला चालंलच असं नाही. पॉवर कमी पडल्यामुळं अडलेल्या लॅपटॉपला आम्ही नुसता ओव्हरक्लॉक करून देतच नाही, हेच करतो, मशीन गारही राहतं आणि फॅनचा विमानासारखा आवाजही कमी होतो.

सेटिंग पावसाळ्यात ठरवलं असलं तर एप्रिलमध्ये परत तपासा. खोली जेवढी तापंल तेवढंच साधारण कार्डही वर जातं, आणि जुलैत झकास चाललेलं सेटिंग उन्हाळ्यात दुपारी गेमच्या ऐन मोक्याला माती खातं.

आणि ही चूक करू नका. आफ्टरबर्नरमध्ये विंडोज चालू होतानाच सेटिंग लावायचं बटण असतं. एका गिऱ्हाइकानं रात्री दोन वाजता आकडे चढवले, तपासायच्या आधीच ते बटण दाबलं, सकाळी परीक्षेचा फॉर्म भरायचा होता आणि लॅपटॉप विंडोजमध्ये गेला की काळा, गेला की काळा. सेफ मोडमध्ये जाऊन आफ्टरबर्नर काढलं, पाच मिनिटांचं काम होतं, पण त्याचा चेहरा बघवत नव्हता. आठवडाभर नीट चालल्याशिवाय त्या बटणाला हात लावायचा नाही.

आम्ही काय करत नाही

जास्त वॅटच्या मॉडेलचा व्हीबायोस (कार्डाच्या चिपमधला, त्याचे वॅट ठरवणारा प्रोग्राम) तुमच्या कार्डात टाकून देत नाही. मागणी लई असते. पण त्या कार्डाच्या मागं पॉवर देणारे भाग, हीटसिंक आणि चार्जर हे सगळं कमी वॅटच्या हिशेबानं बसवलेलं असतं, आणि तो भरताना, म्हणजे फ्लॅश करताना, फसला तर बोर्ड उघडून आठ पायांच्या चिपला क्लिप लावून प्रोग्रामरनं जुनी फाईल परत भरायला लागते. दुसरीकडनं फसवून आणलेले असे लॅपटॉप आम्ही दुरुस्त करून देतो, पण स्वतःच्या हातानं फसवत नाही.

कंपन्यांना पण हे प्रकरण फारसं आवडत नाही बरं का. २०१५ च्या फेब्रुवारीत एनव्हिडियानं नव्या ड्रायव्हरमधनं लॅपटॉपच्या ९०० सिरीजचं ओव्हरक्लॉकिंग गुपचूप बंदच करून टाकलं होतं, लॅपटॉप त्यासाठी बनवलेलेच नाहीत म्हणाले, लोकांनी एवढा आरडाओरडा केला की त्याच महिन्यात माघार घेऊन पुढच्या ड्रायव्हरमध्ये परत चालू करतो म्हणून सांगायला लागलं. म्हणून हे तुमच्या मर्जीचं काम आहे एवढं समजून घ्या. वॉरंटीत असलेल्या मशीनचं वॉरंटी कार्ड वाचून, लिहून घेऊनच आम्ही हात लावतो. बऱ्याच गेमिंग लॅपटॉपमध्ये कंपनीच्या स्वतःच्या ॲपमध्येच टर्बो मोड किंवा ओव्हरक्लॉकचं बटण असतं, ते आधी बघा, आणि ते चालू असताना वर आफ्टरबर्नरचे आकडे चढवू नका, दोघांची भांडणं लागतात.

ज्यांना याची गरजच नाही

उद्यमनगरातनं कॅडवाले येतात, म्हणतात पार्ट फिरवताना अडकतंय, कार्ड पळवा. मॉडेलिंगचं बरंचसं काम प्रोसेसरच्या एकाच कोअरवर चालतं, कार्ड तिथं आरामात बसलेलं असतं. लग्नाचे व्हिडिओ करणारे म्हणतात एक्सपोर्टला वेळ लागतो, पण कार्डात एन्कोडिंगचा, म्हणजे व्हिडिओ फाईल तयार करायचा, वेगळा विभागच असतो, कोअर वाढवून तो फारसा हलत नाही. अशांना आम्ही रॅमची एकच कांडी असंल तर दुसरी टाका म्हणतो, गेमवाल्यांना पण तेच सांगतो, एकाच कांडीमुळं सिंगल चॅनलवर अडकलेल्या मशीनला ओव्हरक्लॉकपेक्षा त्या कांडीचा फायदा जास्त. आणि लॅपटॉपमध्ये मक्स स्विच (स्क्रीन कुठल्या ग्राफिक्सला जोडायची ते बदलायची सोय) असंल तर गेम खेळताना स्क्रीन थेट मोठ्या कार्डाला जोडा, नाहीतर प्रत्येक फ्रेम आधी प्रोसेसरच्या छोट्या ग्राफिक्समधनं फिरून येते. चार्जर ओरिजिनलच पाहिजे, टाईप-सी चा १०० वॅटचा लावून गेम खेळलात तर कार्ड पोटापुरतंच चालणार, आणि लाईट गेली की बॅटरीवर सगळेच ओव्हरक्लॉक सारखे.

येताना चार्जर घेऊन या, हे लिहायचं कारण दहातले सहा जण विसरतात. तुमचा नेहमीचा गेम डिलीट करू नका, आम्हाला त्याच्यावरच तपासायचं असतं. आणि बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला लावायचं कुलूप) चालू असंल तर त्याची ४८ अंकी की आधी शोधून फोनमध्ये ठेवा, बायोस अपडेट केल्यावर विंडोज ती मागतं आणि मग घरी वडिलांना फोन, बहिणीला फोन, जुना ईमेल आठवत नाही, दुकान बंद करायची वेळ झाली तरी आम्ही आपले बसलोय. मशीन एक दिवस राहील, चेकिंगचे पैसे घेत नाही, आतलं साफ करायचं का नाही ते फोनवर विचारूनच उघडतो.