नोड-आधारित कंपोझिटिंगमधील प्लगइन-दोषशोधन

नोड-आधारित कंपोझिटिंगमधील प्लगइन-दोषशोधन : चित्रपटातील दृश्यपरिणामांसाठी अनेक प्रतिमांचे थर एकत्र करणाऱ्या सॉफ्टवेअरला जोडायचे प्लगइन, म्हणजे जोड-प्रोग्रॅम, तयार करताना उद्भवणारे दोष शोधण्याची व दूर करण्याची पद्धती. अशा सॉफ्टवेअरात प्रत्येक प्रक्रिया एक नोड म्हणून मांडतात व नोड एकमेकांना जोडून आलेख तयार करतात. न्यूक, फ्यूजन, नॅट्रॉन ही या वर्गातील परिचित सॉफ्टवेअरे होत. प्लगइन ज्यात चालते त्या सॉफ्टवेअरला होस्ट म्हणतात. या क्षेत्रातील बहुतेक दोष प्रतिमेवरील गणितात नसतात. होस्ट आणि प्लगइन यांनी एकमेकांना काय, कधी व कोणत्या क्रमाने सांगायचे या करारात ते असतात. म्हणून प्लगइन नेमके कोणत्या टप्प्यावर अडले हे आधी ठरवावे, सूत्रे मागाहून तपासावीत.

पूर्वपीठिका : नोडांच्या आलेखावर कंपोझिटिंग प्रथम करण्याचा मान कोणाला द्यावा याबद्दल एकमत नाही. आकृती काढून संगणकाला प्रक्रिया सांगण्याची कल्पना विल्यम सदरलँड यांच्या १९६६ च्या एमआयटीतील प्रबंधापर्यंत मागे नेता येते. पॉल हेबर्ली यांनी १९८८ च्या सिग्राफ परिषदेत मांडलेली ‘कॉनमॅन’ ही प्रणाली संगणकीय चित्रणाला अधिक जवळची असल्याने काही जण तेथून आरंभ मानतात. तिसरे मत चित्रपट-स्टुडिओंत प्रत्यक्ष वापरल्या गेलेल्या प्रणालींना महत्त्व देते. त्यांत १९९० च्या दशकाच्या पूर्वार्धातील कोडॅकची सिनेऑन येते, तसेच डिजिटल डोमेन या स्टुडिओत फिल बेफ्री व नंतर बिल स्पिट्झॅक यांनी १९९३ च्या सुमारास हाती घेतलेले न्यूकही येते. न्यूकला चित्रमय इंटरफेस १९९४ मध्ये, दुसऱ्या आवृत्तीत मिळाला. त्यामुळे आरंभवर्ष १९९३ धरावे की १९९४, हा प्रश्न उरतोच. नथिंग रिअल कंपनीचे शेक हे सॉफ्टवेअर त्यानंतरचे. ते २००२ मध्ये अ‍ॅपलकडे गेले व २००९ मध्ये बंद झाले.

प्लगइनच्या दृष्टीने तिसरे मत अधिक उपयुक्त वाटते. मागणी आल्यावरच गणना करणे, प्रतिमा ओळीओळीने हाताळणे आणि काढलेला निकाल जपून ठेवणे, या आजही प्लगइन-लेखकाला नडणाऱ्या गोष्टी त्या काळातील यंत्रांच्या तुटपुंज्या स्मृतीशी जोडलेल्या आहेत. पिक्सेल किती अपारदर्शक आहे हे सांगणाऱ्या अल्फा चॅनेलची कल्पना मात्र त्याहून जुनी आहे. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात एड कॅटमल व अ‍ॅल्व्ही रे स्मिथ यांनी ती मांडली आणि १९८४ मध्ये टॉमस पोर्टर व टॉम डफ यांनी तिचे बीजगणित सिद्ध केले. रंगाला अल्फाने आधीच गुणून ठेवण्याचा संकेत याच बीजगणितातून रूढ झाला. कडांवर काळी किंवा पांढरी रेघ दिसण्याच्या तक्रारीमागे बहुधा तो पाळण्यातील गफलत असते.

प्लगइनचे दोन मार्ग : न्यूकचा विकास २००७ पासून द फाउंड्री या कंपनीकडे आहे. तिच्या सी++ संचाने लिहिलेले प्लगइन फक्त न्यूकमध्ये चालते. दुसरा मार्ग ओपनएफएक्सचा. त्याच कंपनीतील ब्रुनो निकोलेट्टी यांच्या पुढाकाराने साधारण २००४ मध्ये हे खुले मानक आले आणि आता ते अ‍ॅकॅडमी सॉफ्टवेअर फाउंडेशनच्या छत्राखाली आहे. त्याचा इंटरफेस शुद्ध सी भाषेत असल्यामुळे कंपायलर (कोडचे यंत्रभाषेत रूपांतर करणारा प्रोग्रॅम) बदलला तरी होस्टशी बोलणी तुटत नाहीत. न्यूकच्या सी++ संचाला हे संरक्षण नाही. होस्टची आवृत्ती बदलली की प्लगइन पुन्हा बांधावे (कंपाइल करावे) लागते. लिनक्सवर यात आणखी एक अडचण आहे. दृश्यपरिणाम उद्योगाच्या सामाईक संदर्भ-मंचाने २०२३ च्या आराखड्यात जीसीसी ११ या कंपायलरबरोबर सी++ लायब्ररीची नवी द्वयंक रचना, म्हणजे बांधलेल्या कोडने एकमेकांशी जुळण्याची पद्धत, स्वीकारली. जुन्या रचनेवर बांधलेले प्लगइन नव्या होस्टमध्ये ‘चिन्ह (फलनाचे किंवा चलाचे नाव) सापडले नाही’ असे सांगून भरलेच (लोड) जात नाही. संदेश वाचून स्वतःच्या कोडमध्ये चूक शोधत बसण्यापूर्वी ही रचना निवडणारा बांधणीचा ध्वज (कंपायलरला दिलेला पर्याय) तपासावा.

भरण्याच्या टप्प्यावरील दोष : प्लगइन यादीत दिसतच नसेल तर पहिला संशय फोल्डर-रचनेवर घ्यावा. ओपनएफएक्सचे प्लगइन ही एकटी फाइल नसून ठरलेल्या नावांच्या उपफोल्डरांचे बंडल असते, आणि कार्यप्रणालीगणिक उपफोल्डर वेगळा असतो. दुसरा संशय प्लगइनला लागणाऱ्या लायब्रऱ्यांवर; लिनक्सवर एलडीडी व मॅकवर ओटूल या आज्ञांनी त्या तपासता येतात. विकासकाच्या यंत्रावर सर्व लायब्रऱ्या आधीच असल्याने हा दोष तेथे कधीच दिसत नाही, म्हणून तपासणी कोऱ्या यंत्रावर व्हावी. याहून फसवा दोष म्हणजे होस्ट आणि प्लगइन दोघांनीही एकाच लायब्ररीच्या वेगवेगळ्या आवृत्त्या वापरणे. प्लगइन भरले जाते, चालते आणि कुठेतरी भलत्याच ठिकाणी कोसळते. लायब्ररी प्लगइनमध्येच स्थिर पद्धतीने जोडून तिची चिन्हे बाहेरून लपवणे हा त्यावरचा भरवशाचा उपाय आहे.

होस्ट प्लगइनांचे वर्णन स्वतंत्र कॅशमध्ये (तात्पुरत्या साठ्यात) साठवतो. नवे पॅरामीटर घालूनही जुनाच इंटरफेस दिसत राहिला तर आधी ही कॅश पुसावी.

क्षेत्र व स्मृती यांतील दोष : हा भाग सर्वांत गुंतागुंतीचा आहे. ओपनएफएक्समध्ये प्रतिमेचा उगमबिंदू खालच्या डाव्या कोपऱ्यात असतो, क्षेत्राच्या सीमा ऋण असू शकतात, आणि एका ओळीपासून पुढच्या ओळीपर्यंतचे बाइटांचे अंतर रुंदीवरून काढता येत नाही. ते होस्टला विचारावे लागते. ते अंतर ऋणही असू शकते. प्रतिमा तिरकी होऊन सरकलेली दिसली तर हेच अंतर गृहीत धरलेले असते. आपला निकाल कोठवर पसरतो आणि त्यासाठी मूळ प्रतिमेचा किती भाग लागतो, या दोन वेगळ्या गोष्टी प्लगइनने होस्टला सांगायच्या असतात. होस्ट प्रतिमा तुकड्यातुकड्यांनी काढून घेऊ शकतो, आणि धूसरीकरणात एका तुकड्यासाठी मूळ प्रतिमेचा त्याहून मोठा भाग लागतो. तो कमी सांगितला तर तुकड्यांच्या सीमांवर रेघा उमटतात. लहान आकारातील पूर्वदृश्यात धूसरीकरणाच्या त्रिज्येला प्रमाणाने गुणले नाही, तर पूर्वदृश्य आणि अंतिम रेंडर जुळत नाहीत.

न्यूकमध्ये हेच काम व्हॅलिडेट, रिक्वेस्ट व एंजिन या तीन फलनांत विभागलेले आहे. एंजिन अनेक थ्रेडांतून, म्हणजे समांतर चालणाऱ्या कार्यधारांतून, एकाच वेळी हाकारले जाते. त्यात सामाईक चल बदलू नये. होस्ट एकाच थ्रेडवर चालवला की दोष नाहीसा होत असेल, तर मूळ येथेच शोधावे. नियंत्रण हलवूनही चित्र बदलत नसेल तर हॅशकडे पाहावे. न्यूक निकालाची ओळख हॅशवरून, म्हणजे सर्व नियंत्रणांच्या मूल्यांपासून काढलेल्या ओळख-संख्येवरून, ठेवतो, आणि प्लगइन बाहेरची फाइल वाचत असेल तर त्या फाइलचा बदल हॅशमध्ये स्वतः जोडावा लागतो. याचा उल्लेख नवशिक्यांसाठीच्या उदाहरणांत क्वचितच आढळतो, म्हणून येथे मुद्दाम केला आहे.

मूल्यांचे दोष : तरंगबिंदू प्रतिमांत ऋण किंवा एकाहून मोठी मूल्ये येणे नेहमीचे आहे. ऋण संख्येचा लॉगॅरिथम किंवा शून्य अल्फाने भागाकार झाला की ‘संख्या नव्हे’ किंवा अनंत असे मूल्य तयार होते, आणि पुढचा धूसर-नोड ते चौफेर पसरवतो. एका पिक्सेलच्या जागी चौकोनी डाग दिसू लागतो.

पुण्यातील स्थिती : पुण्यात या कामाला दोन बाजूंनी मनुष्यबळ मिळू शकते. प्रभात फिल्म कंपनीच्या लॉ कॉलेज रस्त्यावरील जागेत १९६० मध्ये स्थापन झालेली फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूट ही एक बाजू. दुसरी बाजू प्रणाली-प्रोग्रॅमिंगची : १९८८ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॅक या शासकीय संगणन-संस्थेने येथेच १९९१ मध्ये परम ८००० हा महासंगणक सिद्ध केला, आणि तिच्या पदविका-अभ्यासक्रमांतून सी++ जाणणारे विद्यार्थी बाहेर पडत आले आहेत. अ‍ॅनिब्रेन व डिजिकोअर या शहरातील दृश्यपरिणाम-संस्था. परदेशी निर्मितीचे काम असले की होस्टची आवृत्ती सहसा ग्राहकाकडून ठरून येते आणि प्रकल्प संपेपर्यंत बदलत नाही. म्हणून एकच प्लगइन अनेक आवृत्त्यांसाठी बांधून ठेवणे, प्रत्येक बांधणीवर तेच चाचणी-दृश्य चालवणे आणि निकाल पिक्सेलगणिक ताडून पाहणे, ही येथील प्लगइन-लेखकाला लावून घ्यावी लागणारी सवय आहे. चाचणी इंटरफेसविना, टर्मिनल-अवस्थेत चालवावी, कारण रेंडर-फार्मवरील (अंतिम प्रतिमा काढणाऱ्या संगणक-समूहातील) यंत्रांवर प्लगइन तसेच चालते. विकासकाच्या टेबलावर कधीच न दिसलेला प्लगइन-पथाचा दोषही तेथेच उघड होतो.