पोटाशी दिवा, भोवती काटे

खाऱ्या पाण्याच्या टाकीत पाळला जाणारा कार्डिनल मासा दिवसभर दडून बसतो, खाण्याकडे फिरकत नाही, म्हणून आजारी समजून टाकीत औषध ओतणारे पुष्कळ असतात. तो आजारी नसतो, निशाचर असतो. सिफामिया ट्युबिफर ही जेमतेम चार-पाच सेंटिमीटरची जात दिवसा डायडेमा नावाच्या सी अर्चिनच्या (समुद्रतळावरच्या गोल, काटेरी प्राण्याच्या) लांब काट्यांत लपते आणि अंधार पडला की शिकारीला निघते. ओतलेलं औषध तांब्याचं असेल तर आधी अर्चिन मरतो. आसरा गेला की मासे भेदरतात आणि खरोखरच खाणं सोडतात.

शिकारीला निघताना दिवा सोबत असतो. आतड्याला जोडलेल्या चकतीसारख्या अवयवात फोटोबॅक्टेरियम मंडपमेन्सिस हे जिवाणू राहतात. हे नाव तमिळनाडूतल्या मंडपमवरून आलं. त्यांच्यातलं ल्युसिफरेज हे विकर (एन्झाइम) क्षपित फ्लेविन (पेशीतला इलेक्ट्रॉन वाहून नेणारा रेणू) आणि लांब साखळीचं अल्डिहाइड यांचं ऑक्सिजनच्या साहाय्याने ऑक्सिडीकरण घडवतं. त्यात सुटणाऱ्या ऊर्जेचा निळसर प्रकाश होतो. वर चकचकीत परावर्तक, खाली अर्धपारदर्शक स्नायू, म्हणून उजेड पोटाखाली पसरतो.

बापाच्या तोंडात वाढलेलं पिल्लू या जिवाणूंविना बाहेर पडतं; ते त्याला पुढे समुद्राच्या पाण्यातून मिळतात. मोठे मासे जादा जिवाणू आतड्यावाटे पाण्यात सोडत राहतात, म्हणजे पुढच्या पिढीची सोय होते. जिवाणू मिळाले नाहीत तर अवयव तयार होतो, पण अंधारा राहतो. दुकानात ‘चमकणारे’ म्हणून विकले जाणारे रंगीत मासे यांच्या जवळपासही येत नाहीत. ते निळा प्रकाश शोषून दुसऱ्या रंगात परत टाकतात, एलईडी बंद केला की संपलं.

200 लिटरच्या टाकीत एक अर्चिन आणि पाच मासे पुरेत. आरओच्या पाण्यात लिटरला साधारण 35 ग्रॅम समुद्री मीठ घालून विशिष्ट गुरुत्व (गोड्या पाण्याच्या तुलनेत घनता) 1.025 ठेवा. टाकी चार ते सहा आठवडे चालवून अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर आल्यावरच जीव सोडा. अर्चिनला नव्या पाण्याची सवय थेंबाथेंबाने, तासभर तरी द्या; शेवाळ संपलं की नोरीचा (वाळवलेल्या समुद्री शेवाळाच्या पापुद्र्याचा) तुकडा द्या. तापमान 25-26 अंश हवं. मे महिन्यात पंख्याने थंड केलंत तर पाणी उडतं आणि खारटपणा वाढतो. भर गोड्या आरओ पाण्याची घालायची, खाऱ्या नव्हे.

दिवे मालवून अर्ध्या तासाने, मंद लाल उजेडात मायसिस कोळंबी द्या. नवा मासा गोठवलेलं घेत नसेल तर आधी जिवंत आर्टेमिया (कोळंबीसारखे बारीक जीव) द्या. माशांचा उजेड पाहायचा असेल तर खोलीतला प्रत्येक दिवा झाकून वीस मिनिटं बसा. तो इतका मंद असतो की डोळे अंधाराला सरावल्याशिवाय दिसत नाही.