लेखकाची सार्वजनिक प्रतिमा आणि लेखनाचा व्यवसाय : पार्श्वभूमी

समाजमाध्यमांवरील वर्तनामुळे एखाद्या लेखकाचे पुस्तक रद्द झाल्याची बातमी आली की हा सारा प्रकार इंटरनेटबरोबर सुरू झाला, असा समज होतो. वास्तविक वाचकाच्या मनातील लेखकाची प्रतिमा किमान दोनशे वर्षे पुस्तकाच्या विक्रीशी जोडलेली आहे. पूर्वी या प्रतिमेमुळे लेखकाला जादा मिळकत होई किंवा जादा धोका पत्करावा लागे. आता मात्र ती प्रकाशनाची अटच होऊ लागली आहे, आणि हा फरक मूलभूत आहे.

1814 मध्ये इंग्रज कवी बायरनच्या एका दीर्घकाव्याच्या सुमारे 10,000 प्रती पहिल्याच दिवशी खपल्या, कारण काव्याच्या नायकात वाचक खुद्द कवीला शोधत होते. दोनच वर्षांनी पत्नीपासून विभक्त झाल्यावर उठलेल्या वावड्यांमुळे त्याला इंग्लंड कायमचे सोडावे लागले. तरीही त्याची पुस्तके खपतच राहिली.

इंग्रज कादंबरीकार चार्ल्स डिकन्सच्या बाबतीत 1858 हे वर्ष बारकाईने पाहण्यासारखे आहे. त्याच वसंत ऋतूत त्याने स्वतःच्या साहित्याचे जाहीर वाचन तिकीट लावून सुरू केले, आणि त्याच सुमारास तो पत्नीपासून वेगळा झाला. ज्या लेखकाचा लौकिक कुटुंबवत्सलतेवर उभा होता आणि जो आता रोज श्रोत्यांसमोर उभा राहणार होता, त्याला कुजबुज परवडणारी नव्हती. म्हणून जून महिन्यात त्याने ‘टाइम्स’मध्ये आणि स्वतःच्या साप्ताहिकात वैयक्तिक निवेदन छापले. ज्यांनी ते वाचले त्यांतील अनेकांना तोपर्यंत या प्रकरणाची गंधवार्ताही नव्हती. त्याच्या प्रकाशकांच्या मालकीच्या ‘पंच’ या विनोदी साप्ताहिकाने हे निवेदन छापले नाही, तेव्हा डिकन्सने त्या प्रकाशकांशी संबंध तोडले, साप्ताहिक बंद केले आणि 1859 मध्ये दुसरे काढले. वाचनाच्या कार्यक्रमांना मात्र गर्दी ओसरली नाही; 1867-68 च्या अमेरिका दौऱ्यातून त्याला सुमारे 19,000 पौंड मिळाले. माझ्या मते आजच्या लेखकाच्या पेचाची जवळजवळ सगळी अंगे या एका प्रकरणात दिसतात : खुलासा करावा की गप्प बसावे, खुलाशानेच बोभाटा होईल का, आणि प्रकाशकाने पाठीशी उभे राहावे ही अपेक्षा कुठवर रास्त आहे.

ऑस्कर वाइल्डला इतकी सवलत मिळाली नाही. 1882 मध्ये अमेरिकेत व्याख्याने देत फिरताना त्याने जी प्रतिमा उभी केली, तिनेच पुढे त्याच्या नाटकांकडे प्रेक्षक ओढले. 1895 मध्ये समलिंगी संबंधांच्या आरोपावरून त्याला अटक झाली तेव्हा लंडनमध्ये त्याची दोन नाटके सुरू होती. त्यांच्या जाहिरातींवरून लेखकाचे नाव काढून टाकण्यात आले, आणि लवकरच नाटकेही बंद पडली. तुरुंगवासानंतर 1898 मध्ये आलेल्या त्याच्या दीर्घ कवितेवर कवीच्या नावाच्या जागी ‘सी.3.3.’ असा कोठडीचा क्रमांक होता. कविता वाचकांनी उचलून धरली. खरे नाव छापायचे धाडस मात्र सातव्या आवृत्तीत झाले.

नाव झाकण्याचा मार्ग इतरांनीही वेगवेगळ्या कारणांनी पत्करला. 1933 मध्ये ‘विभावरी शिरूरकर’ या टोपणनावाने आलेल्या कथांनी मराठीत एवढे वादळ उठवले की त्यामागची लेखिका कोण, हाच चर्चेचा मोठा विषय झाला. उलट बाजूही आहे. 2013 मध्ये जे. के. रोलिंग यांनी रॉबर्ट गॅलब्रेथ या नावाने लिहिलेल्या कादंबरीच्या सुरुवातीला जेमतेम 1,500 प्रती गेल्या होत्या. खरे नाव फुटताच तीच कादंबरी विक्रीत अव्वल ठरली.

इंटरनेटमुळे लेखक आणि वाचक यांच्यामधली माणसे हटली. अमेरिकन कादंबरीकार जॉन ग्रीन यांनी 2011 मध्ये आगामी कादंबरीच्या पहिल्या आवृत्तीच्या सर्व प्रतींवर सही करण्याचे जाहीर केले, आणि पुस्तक बाजारात येण्याच्या कित्येक महिने आधीच ते नोंदणीच्या जोरावर ॲमेझॉनच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेले. पण मधली माणसे हटली तसा आवर घालणाराही उरला नाही. 2004 मध्ये ॲमेझॉनच्या कॅनडातील संकेतस्थळावर तांत्रिक चुकीने अभिप्राय देणाऱ्यांची खरी नावे उघड झाली, तेव्हा काही लेखक स्वतःच्याच पुस्तकांची वाखाणणी करताना सापडले. डिसेंबर 2023 मध्ये अमेरिकेत एका नवोदित कादंबरीकाराने वाचकांच्या अभिप्रायांच्या गुडरीड्स या संकेतस्थळावर बनावट खाती उघडून इतर नवोदितांच्या पुस्तकांना एक तारा, म्हणजे सर्वांत कमी गुण, दिल्याचे उघडकीस आले. आधी एका काल्पनिक मित्रावर दोष ढकलण्यासाठी खोटा संवाद पुढे करण्यात आला, मग कबुली देण्यात आली. प्रकाशकाने पुस्तक रद्द केले आणि साहित्यिक एजंटनेही साथ सोडली. पुस्तक अद्याप वाचकांच्या हाती पडायचे होते.

असे प्रसंग प्रकाशक आता करारातच गृहीत धरू लागले आहेत. वर्तनविषयक कलम मूळचे चित्रपटसृष्टीतले. 1921 मध्ये युनिव्हर्सल कंपनीने ते आपल्या कलाकारांच्या करारांत आणले. 2017 नंतर अमेरिकेतील मोठ्या प्रकाशकांच्या करारांत त्याचा वापर वाढला. लेखकाच्या वर्तनाने पुस्तकाच्या विक्रीला बाधा येईल असे वाटल्यास प्रकाशक करार मोडू शकतो, आणि काही करारांत दिलेली आगाऊ रक्कमही परत मागू शकतो. ‘ऑथर्स गिल्ड’ या लेखक संघटनेने 2019 मध्ये या कलमांना जाहीर विरोध केला. तिचा आक्षेप असा की त्यांची भाषा मोघम असते, आणि सिद्ध न झालेला आरोपही करार मोडायला पुरेसा ठरू शकतो. हा आक्षेप मला पूर्णपणे पटतो. बनावट खाती चालवणे ही फसवणूक आहे. न पटणारे मत मांडणे ही फसवणूक नव्हे, आणि मोघम कलमात या दोहोंना एकाच मापाने मोजण्याची मुभा प्रकाशकाला मिळते.