ताशी अडीच किलोमीटरला गाडी पडत का नाही?

दुचाकी उभी का राहते असं विचारलं की बहुतेकांचं उत्तर ठरलेलं असतं: चाकं भोवऱ्यासारखी फिरतात, आणि फिरता भोवरा पडत नाही. विज्ञान शिकवणाऱ्यांकडूनही मी हे ऐकलं आहे. उत्तर पूर्ण चुकीचं नाही, पण फारच अपुरं आहे, आणि त्याचा अपुरेपणा सगळ्यात स्वच्छ दिसतो तो ट्रायल्स प्रकारच्या मोटारसायकलीत. दगडधोंडे, ओली मुळं, जेमतेम हँडल मावेल एवढी पायवाट, आणि तिच्यावरून माणसाच्या चालीपेक्षाही हळू जाणारी गाडी. चाकं नावापुरती फिरताहेत, तरी गाडी उभी आणि चालकाचे दोन्ही पाय वर!

पाय वर ठेवणं हाच या खेळाचा आत्मा. ट्रायल्समध्ये घड्याळापेक्षा पायाकडे जास्त लक्ष असतं. आखून दिलेल्या टप्प्यात एकदा पाय टेकला की 1 गुण दंड, दोनदा टेकला की 2, त्याहून जास्त वेळा टेकला तरी 3, आणि टप्पा पारच झाला नाही तर 5. ज्याचा दंड सगळ्यात कमी, तो जिंकला. टोनी बोऊ हा स्पॅनिश चालक 2007 पासून वर्षानुवर्षं सलग जगज्जेता होत आला तो याच हिशेबावर.

आधी भोवऱ्याचा निकाल लावू. ट्रायल्स गाडीचं पुढचं चाक 21 इंची असतं. टायरसकट त्याचं जडत्व आघूर्ण (फिरण्यातला बदल रोखणारं त्याचं जडत्व) ढोबळमानाने 0.6 किलोग्रॅम-मीटर वर्ग धरा. ताशी 5 किलोमीटरला हे चाक सेकंदाला जेमतेम 4 रेडियन फिरतं. म्हणजे या दोहोंचा गुणाकार, कोनीय संवेग, 2.4 च्या आसपास. चालकाने सेकंदाला 1 रेडियन या बऱ्यापैकी वेगाने हँडल फिरवलं तरी त्यातून मिळणारं पिळाचं बळ साधारण 2.4 न्यूटन-मीटर. आता दुसरी बाजू पाहा. गाडी 70 किलो, चालक 70 किलो, दोघांचा मिळून गुरुत्वमध्य जमिनीपासून सुमारे 95 सेंटिमीटरवर. ही जोडी फक्त 1 अंश कलली तरी गुरुत्वाकर्षण तिला सुमारे 23 न्यूटन-मीटरने पाडायला बघतं. दहापट फरक आहे! त्या वेगाला भोवऱ्याच्या भरवशावर राहिलं तर गाडी आडवीच होणार.

हे प्रयोगानेही तपासलं गेलं आहे. डेव्हिड जोन्स या ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञाने सायकलच्या पुढच्या चाकाशेजारी उलट दिशेने फिरणारं दुसरं चाक बसवून भोवऱ्याचा हा परिणाम जवळजवळ पुसून टाकला, आणि तरी ती सायकल त्याला चालवता आली. हे त्याने 1970 साली प्रसिद्ध केलं. पुढे 2011 मध्ये डेल्फ्ट आणि कॉर्नेल विद्यापीठांच्या संशोधकांनी अशी छोटी दुचाकी बनवली की जिच्यात हा परिणाम नाही, ट्रॉलीच्या चाकासारखा पुढच्या चाकाच्या मागे ओढलं जाण्याचा परिणामही नाही, आणि माणूसही बसलेला नाही. ढकलून सोडली की ती स्वतःला सावरत पुढे जात होती. दोन्ही सायकली होत्या हे खरं, पण मुद्दा मोटारसायकललाही लागू पडतो.

मग गाडीला सावरतं कोण? वळण. गाडी उजवीकडे कलली की पुढचं चाक उजवीकडे वळतं किंवा वळवलं जातं. टायरचे जमिनीवरचे टेके उजवीकडे सरकतात आणि पुन्हा गुरुत्वमध्याच्या खाली येतात. हे आपण वेगात असताना नकळत करत असतो. मला या सगळ्या विषयात सर्वांत सुंदर वाटते ती पुढची गोष्ट, म्हणून तिथे जरा रेंगाळतो.

गाडी 2 अंश कलली आहे आणि तिला तिथेच रोखून धरायचं आहे. त्यासाठी आडवं त्वरण लागतं g (गुरुत्वाचं त्वरण) गुणिले 2 अंशांचा टॅन्जंट, म्हणजे 0.34 मीटर प्रति सेकंद वर्ग. हे त्वरण मिळतं वळणातून, आणि वळणातलं त्वरण म्हणजे वेगाचा वर्ग भागिले वळणाची त्रिज्या. ताशी 40 किलोमीटरला त्यासाठी लागणारी त्रिज्या निघते सुमारे 360 मीटर. दोन चाकांमधलं अंतर 1.32 मीटर धरलं तर चाक वळवावं लागतं अवघं 0.2 अंश, जे डोळ्यांना दिसतही नाही. ताशी 5 किलोमीटरला त्रिज्या उरते 5.6 मीटर आणि चाक वळवावं लागतं 13 अंश. ताशी अडीच किलोमीटरला त्रिज्या दीड मीटरच्याही आत येते आणि चाक वळवावं लागतं 43 अंश. वेग निम्मा झाला की त्रिज्या चौपटीने आवळते. वेगाचा वर्ग आहे ना!

आता ट्रायल्स गाडीचं हँडल फिरवून बघा. ते एका बाजूला 70 अंशांच्या आसपास वळतं. रस्त्यावरच्या सर्वसाधारण मोटारसायकलचं हँडल 35 अंशांच्या आगेमागे अडतं. बघणाऱ्याला वाटतं, अरुंद जागेत वळता यावं म्हणून एवढं हँडल ठेवलंय. ते कारण आहेच. 70 अंशांवर मागचं चाक अर्ध्या मीटरपेक्षा कमी त्रिज्येत वळतं, रस्त्याच्या गाडीचं दोन मीटरच्या आसपास. पण तोलाच्या दृष्टीने याचा अर्थ आणखी मोठा आहे. मागचं चाक ताशी अडीच किलोमीटरने फिरत असताना रस्त्याच्या गाडीचं पूर्ण वळवलेलं हँडल फार तर दीड अंशाचा कल रोखू शकतं. त्यापुढे हँडल अडतं आणि पाय टेकवावाच लागतो. ट्रायल्स गाडी त्याच वेगाला जवळजवळ 6 अंशांचा कल रोखते. पाय वर राहतो तो या जास्तीच्या साडेचार अंशांमुळे.

(हिशेब ढोबळ आहे. हँडलची दांडी मागे कललेली असते, त्यामुळे जमिनीवरचा कोन थोडा कमी भरतो, आणि टायरचं घसरणं मी धरलेलंच नाही. पण एक आणि चार यांच्यातला फरक त्याने मिटत नाही.)

गाडी पूर्ण थांबली तर? तेव्हा वेग शून्य, म्हणून वरचा हिशेबही शून्य. तरी चांगला चालक पूर्ण वळवलेल्या हँडलवर गाडी थोपवून धरतो. चाक जवळजवळ आडवं असल्यामुळे गाडी दोन-तीन सेंटिमीटर पुढे ढकलली की पुढचा टेका एका बाजूला सरकतो, मागे घेतली की दुसऱ्या. क्लच किंचित सोडायचा, ब्रेक किंचित ढिला करायचा, आणि टेका तोलाखाली आणून ठेवायचा. उभ्या गाडीच्या पुढच्या टायरकडे नीट पाहिलं तर ते मागेपुढे हलताना दिसतं.

याला वेळ किती मिळतो? तळहातावर काठी उभी धरून बघा: लांब काठी सावरता येते, पेन्सिल येत नाही, कारण जितका गुरुत्वमध्य वर तितकं पडणं सावकाश. आमच्या जोडीचा गुरुत्वमध्य 95 सेंटिमीटरवर असेल तर 2 अंशांचा कल 4 अंश व्हायला सुमारे 0.41 सेकंद लागतात. चालक बसला आणि तोच गुरुत्वमध्य 75 सेंटिमीटरवर आला तर 0.36 सेकंद. डोळ्यांनी पाहून हात हलवायलाच 0.2 सेकंदांच्या आसपास जातात, तेव्हा हा फरक किरकोळ नाही. ट्रायल्स गाडीला बसण्याजोगी सीट नसते, आणि ती नसल्याचं दुःख कुणालाच होत नाही.

इथे एक गैरसमज खोडायला हवा, कारण तो अनुभवी चालकांमध्येही पक्का बसलेला आहे: उभं राहिलं की वजन फूटपेगवर (पाय ठेवायच्या दांड्यांवर) जातं, म्हणून गुरुत्वमध्य खाली येतो. येत नाही. शरीर वर गेलं तर गुरुत्वमध्य वरच जातो, वजन कुठून टेकलंय याने तो बदलत नाही. उभं राहण्याचा आणखी एक फायदा वेगळाच आहे. गुडघे आणि घोटे मोकळे झाल्यामुळे गाडी आणि माणूस स्वतंत्रपणे कलू शकतात.

हलकेपणाची खरी किंमत तिथे कळते. झाडाला वळसा घालताना चालक गाडी आत कलवतो आणि स्वतः बाहेर राहतो. 70 किलोची गाडी, तिचा गुरुत्वमध्य अर्ध्या मीटरवर, कल 20 अंश: तोल राखायला 70 किलोच्या माणसाला सुमारे 17 सेंटिमीटर बाहेर जावं लागतं. कंबर थोडी सरकवली की झालं. गाडी 200 किलोची असेल तर त्याच माणसाला जवळजवळ अर्धा मीटर बाहेर लटकावं लागेल, आणि तेही मुळांवरून घसरत असताना. 1965 साली सॅमी मिलर या चालकाने स्कॉटिश सिक्स डेज ट्रायल ही मानाची स्पर्धा 250 सीसीच्या हलक्या बुल्टाकोवर जिंकली. त्याआधी तो 500 सीसीची एरियल चालवत असे. त्यानंतर या खेळात मोठ्या जड इंजिनांचे दिवस भराभर सरले. तरी आजही डोंगरवाटेसाठी गाडी घेताना लोक आधी सीसी आणि अश्वशक्ती विचारतात. वजन, हँडलचा कोन आणि पहिल्या गिअरचं प्रमाण विचारावं.

तोल सुधारतो म्हणून हॉलोग्रामचे मनगटी पट्टे विकले जातात, त्यांच्याबद्दल एकच सांगतो. वरच्या हिशेबात वेग, कोन, उंची आणि वजन आहे. पट्टा यातलं काहीही बदलत नाही. त्यावर पैसे घालवू नयेत.

टायरकडे वळू. मागच्या टायरमध्ये हवा 4 ते 5 पीएसआय, म्हणजे चौरस सेंटिमीटरला जेमतेम 0.3 किलो. मागच्या चाकावर 80 किलो आले तर त्यांना तोलायला कागदावर 260 चौरस सेंटिमीटरचा टेका हवा. टायरची भिंत काही भार स्वतः घेते, म्हणून प्रत्यक्षात कमी. 30 पीएसआयला हाच आकडा 38 येतो. शाळेत शिकलेलं आठवत असेल की घर्षण पृष्ठभागाच्या क्षेत्रफळावर अवलंबून नसतं. तो नियम कडक, सपाट पृष्ठभागांसाठी बऱ्यापैकी चालतो. रबर मऊ असतं. ते दगडाच्या खाचेत शिरतं, कडेभोवती गुंडाळतं, खडबडीवरून दबत-सुटत जाताना ऊर्जा खातं. पसरलेल्या टायरला अशा खाचा जास्त सापडतात, आणि एक टोक ओल्या शेवाळावर असलं तरी दुसरं कोरड्या दगडाला धरून असतं. एवढ्या कमी हवेत रस्त्यावर वेगाने जाणं मात्र धोक्याचं.

शेवटी इंजिन. टू-स्ट्रोक इंजिन मिनिटाला 1500 फेरे घेत असेल तर सेकंदाला 25 स्फोट होतात. ताशी 5 किलोमीटरला गाडी दोन स्फोटांच्या मधे साडेपाच सेंटिमीटर सरकते. एवढ्या हळू चालीत इंजिन बंद पडू नये म्हणून जड फ्लायव्हील (इंजिनासोबत फिरणारं, ऊर्जा साठवणारं चक्र) बसवलेलं असतं, आणि त्याचा दुसराही उपयोग होतो. पायरीएवढा दगड समोर आला की चालक क्लच दाबून फ्लायव्हील फिरवून घेतो आणि मग एका बोटाने क्लच सोडून ती साठवलेली ऊर्जा क्षणात चाकाकडे पाठवतो. विजेच्या मोटारीला शून्य फेऱ्यांपासून पीळ मिळतो, तिला क्लचची गरजच नाही असं वाटेल. तरीही विजेवरच्या काही ट्रायल्स गाड्यांना मुद्दाम क्लच दिलेला असतो, कारण मोटार आधी फिरवून ठेवून ती ऊर्जा एकदम सोडायला दुसरा इतका सोपा मार्ग नाही.